ठासणीच्या बंदुकीवाला १८७० च्या युद्धात चालेल का? स्वस्त प्लास्टिक सैनिकांच्या रूपांतराबद्दल

प्रश्न थोडक्यात असा. विचारणाऱ्याकडे १/७२ मापाच्या, अमेरिकन यादवी युद्धातल्या (१८६१–६५) प्लास्टिक सैनिकांच्या दोन पिशव्या आहेत, मिळून शंभरेक. शिवाय मोठ्या हिरव्या आधुनिक सैनिकांची एक पिशवी. विचारणाऱ्याला टेबलावर १८७०–७१ चं फ्रान्स-प्रशिया युद्ध खेळ म्हणून मांडायचंय. काही डोकी कापून दुसरी लावून पाहिली, तर सुपरग्लू सुटला. रंगवून पाहिलं, तर संगिनींवरून रंगाचे पापुद्रे निघाले. ‘हे जमण्यासारखं आहे, की सरळ त्या युद्धाचे तयार सैनिक घेऊ?’

जमण्यासारखं आहे. मी बरीच वर्षं हेच करत आलोय, आणि तुमच्या दोन पिशव्या या युद्धासाठी खरोखर चांगली सुरुवात आहेत. पण गोंद आणि रंग या तुमच्या वरवरच्या अडचणी आहेत, त्यांच्याकडे येतोच. मूळ अडचण निवडीची आहे. तुम्ही हाताला लागेल तो सैनिक उचलून त्याचं डोकं बदलायला घेतलंत. त्याआधी ठरवायला हवं की कोणता सैनिक काय होणार, आणि युद्धाचा कोणता भाग तुम्ही खेळणार.

माझा निवडीचा नियम सांगतो. बदलायला सगळ्यात अवघड असतं अंग: कोटाची लांबी, पायांची ठेवण, पाठीवरचं सामान. टोपी त्या मानाने सोपी, हत्यार त्याहून सोपं, रंग सगळ्यात सोपा. म्हणून सैनिक निवडताना टोपी बघायची नाही, कोट बघायचा. नवखा माणूस नेमकं उलटं करतो. त्याला टोपी जुळलेली दिसते, तो खूश होतो, आणि मग चाळीस सैनिकांना पुटीचे (मळून आकार देता येतो आणि मग कडक होतो अशा लगद्याचे) गुडघ्यापर्यंतचे कोट चढवत बसतो.

तुमच्या बाबतीत नेमकं हेच होऊ शकतं. यादवी युद्धातल्या उत्तरेकडच्या सैनिकाच्या डोक्यावर केपी, म्हणजे पुढे कललेल्या चपट्या माथ्याची टोपी, आहे आणि १८७० च्या फ्रेंच शिपायाच्या डोक्यावरही केपीच. म्हणजे जुळलं, असं वाटतं. पण फ्रेंच लाइन (म्हणजे नियमित पायदळाच्या) पलटणीचा शिपाई लढायला उतरला तो लांब निळसर-करड्या ओव्हरकोटात. पुढची दोन टोकं मागे वळवून बटणाने अडकवलेली, खाली मंजिष्ठी लाल विजार, पोटऱ्या झाकणारे गेटर, पाठीवर भरगच्च पिशवी. तुमचा सैनिक आहे कमरेखाली जेमतेम येणाऱ्या ढगळ कोटात. लाल विजार रंगवून तो फ्रेंच लाइनचा होत नाही. लांबून बघितला तरी त्याची आकृतीच वेगळी दिसते.

मग मी काय करतो, तर युद्धाचा दुसरा भाग घेतो. १ सप्टेंबर १८७० ला सेदानची लढाई झाली, फ्रेंच सम्राटाची फौज शरण गेली, आणि फ्रान्सच्या नव्या सरकारने मिळेल त्यातून नव्या फौजा उभ्या केल्या. त्यात गार्द मोबिल, म्हणजे राखीव दलाचे शिपाई, मोठ्या संख्येने होते. त्यांचा वेश साधा होता: गडद निळा आखूड कोट, निळसर-करडी विजार, तिला लाल पट्टी, आणि लाल पट्ट्याची निळी केपी. आता तुमच्या पिशवीतला उत्तरेकडचा सैनिक पुन्हा बघा. ब्लेड न लावता, फक्त रंगावर, तो मोबिल झाला. रुंद काठाच्या टोपीतले दक्षिणेकडचे सैनिक फ्रां-तिरर, म्हणजे स्वयंसेवक बंदूकधारी, म्हणून चालतात, कारण त्यांच्या वेशात एकसारखेपणा फारसा नव्हताच. संचात झुआव्ह, म्हणजे आखूड जाकीट आणि ढगळ विजारीतले शिपाई, असतील तर ते जसेच्या तसे घ्या. अमेरिकेतल्या झुआव्ह पलटणींनी फ्रेंच झुआव्हांचाच वेश उचलला होता. लढाया हव्यात तर ९ नोव्हेंबर १८७० ची कुलमिए आहे, जी फ्रेंचांनी जिंकली. २ डिसेंबरची ल्वान्यी आहे, जानेवारी १८७१ मधली ल मांस आहे. एका संध्याकाळच्या खेळाला पुरतील आणि उरतील.

आता शीर्षकातला प्रश्न. यादवी युद्धाच्या जवळपास प्रत्येक संचात एक जण बंदूक जमिनीवर उभी टेकवून, हात वर करून नळीत गज ठासत असतो. एक काडतूस दातांनी फाडत असतो. १८७० मध्ये फ्रेंचांची शासपो आणि प्रशियाची ड्रायझं या दोन्ही बंदुका मागून भरायच्या. गज ठासणारा शिपाई तिथे सरळ चूक आहे, आणि ही चूक रंगाने झाकता येत नाही. अनेक वर्षं मी हे सैनिक बाजूला काढून ठेवत होतो. मग वाचनात आलं की फ्रान्सने त्या धावपळीत अमेरिकेकडून यादवी युद्धात उरलेल्या बंदुका विकत घेतल्या होत्या, आणि त्यातल्या ठासणीच्या स्प्रिंगफील्ड बंदुका काँली इथल्या छावणीतल्या, ब्रिटनीहून आलेल्या भरतीच्या शिपायांना मिळाल्या. हीच माणसं पुढे ल मांसच्या लढाईत उभी होती. म्हणजे तुमचा गज ठासणारा सैनिक, हातात तीच अमेरिकन बंदूक घेऊन, एका पलटणीत अगदी बरोबर बसतो. त्या सगळ्यांची एक तुकडी करा आणि नियमांमध्ये तिचा मारा मंद ठेवा. एखाद्या काळाबद्दल जितकं जास्त वाचाल तितकी कमी कापाकापी करावी लागते, हे मला त्या दिवशी पटलं.

उरलेले ठासणारे बदलायचे असतील तर सोपा मार्ग आहे. गज मुठीच्या वर आणि खाली कापा. बंदूकही मनगटापासून सोडवा आणि पायाशी तासून काढा. हात वर गेलेला आहेच. त्या मुठीत तापवलेल्या सुईने भोक पाडून सपाट केलेल्या टाचणीची तलवार बसवा. पुढे चला म्हणणारा अधिकारी तयार. तारेचा लांब दांडा घातलात तर निशाणदार. एका संचात असे चार-पाच मिळतात, आणि अधिकारी तर नेहमीच कमी पडतात.

प्रशियाच्या बाजूला मात्र हात चालवावा लागेल. गडद निळा कोट दोन्हीकडे आहे, त्यामुळे लांबून मोबिल आणि प्रशियन यांत फरक पडणार तो डोक्यावरच्या टोकदार हेल्मेटने, पिकेलहाउबने. तिथे तडजोड करू नका. अंगासाठी फ्रॉक कोटवाले, म्हणजे मांडीपर्यंत कोट आलेले सैनिक आधी वेचून घ्या. ते कमी पडले तर ढगळ कोटवाले घ्या आणि छातीवरून तिरकी वळकटी टाका. प्रशियाचा शिपाई ओव्हरकोटाची गुंडाळी अशीच खांद्यावरून आडवी घ्यायचा. दीड मिलिमीटर जाडीची पुटीची वळी पुरते, आणि कोटाच्या मापातली बरीच तफावत तिच्याखाली झाकली जाते. पोटऱ्या काळ्या रंगवल्या की बूट झाले.

हेल्मेटसाठी डोकं कापू नका. केपीचा पुढे कललेला माथा धारदार ब्लेडने आडवा कापून काढा, पुढचा काठ तसाच राहू द्या. एपॉक्सी पुटीची अडीच मिलिमीटरची गोळी करून माथ्यावर बसवा आणि ओल्या बोटाने घुमटासारखी दाबा. मागच्या बाजूला थोडी पुटी मानेवर ओढा, तो मागचा काठ. मग अर्धा-पाऊण तास तिला हात लावायचा नाही. पुटी थोडी आवळली की ब्रशच्या ताठ केसाचा तुकडा घुमटात मधोमध खुपसा आणि पूर्ण कडक झाल्यावर दीड-दोन मिलिमीटर ठेवून छाटा. खऱ्या मापात टोक एवढं मोठं नव्हतं. पण ते तितकं ठेवलं नाही तर रंगाखाली बुडून जातं. मी एका बैठकीला वीस डोकी घेतो. विसावं संपेपर्यंत पहिल्याची पुटी खुपसण्याजोगी झालेली असते, त्यामुळे हात रिकामा राहत नाही. एक-एक सैनिक पूर्ण करत बसलात तर दहाव्याला कंटाळाल, आणि प्रत्येकाचं हेल्मेट वेगळं होईल.

मापाबद्दल एक हिशेब करून दाखवतो, कारण त्यावरून कुठे थांबायचं ते कळतं. १/७२ मध्ये पावणेदोन मीटरचा माणूस साधारण २४ मिलिमीटर होतो. तुमच्या सैनिकाची स्प्रिंगफील्ड १४२ सेंटिमीटर, म्हणजे टेबलावर जेमतेम २० मिलिमीटर. शासपो १३१ सेंटिमीटर, म्हणजे १८. फरक दोन मिलिमीटरहून कमी. मी तो कापत नाही. हातभर अंतरावरून तो दिसत नाही, आणि कापताना नळी वाकडी होण्याचा धोका मात्र खरा असतो. पण तुम्हाला मोजके दहा-बारा सैनिक कपाटात मांडायचे असतील तर तुमचं उत्तर वेगळं असेल. शंभर सैनिकांची फौज आणि दहा सैनिकांचा देखावा ही दोन वेगळी कामं आहेत. मी पहिल्याबद्दल बोलतोय.

आता तुमचा गोंद का सुटला ते. हे छोटे मऊ सैनिक बहुतेक वेळा पॉलिथिलीनचे असतात. त्याचा पृष्ठभाग मेणचट असतो आणि त्याला ना गोंद धरतो ना रंग. जोडणीच्या मॉडेलांसाठी मिळणारा सिमेंट पॉलिस्टायरीन विरघळवून सांधतो, पॉलिथिलीनवर तो नुसता वाळून पडतो. प्लास्टिक कोणतं आहे ते कळायला एक साधी परीक्षा आहे. भांड्यात पाणी घ्या, भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाका, म्हणजे बुडबुडे चिकटून बसत नाहीत. सैनिक पाण्याखाली दाबून सोडा. पॉलिथिलीन पाण्यापेक्षा हलकं असतं, तरंगून वर येतं. पीव्हीसी आणि पॉलिस्टायरीन बुडतात. बुडालेला सैनिक मऊ असेल तर तो पीव्हीसीचा, ताठ आणि कडकन मोडणारा असेल तर पॉलिस्टायरीनचा. ही परीक्षा आधी करा, कारण तापलेली सुई पीव्हीसीवर कधीच वापरायची नाही. त्यातून निघणारा धूर घातक असतो. पॉलिथिलीनवर वापरतानाही खिडकी उघडी हवी, आणि सुई नुसती वितळवण्याइतकी तापवायची, धूर निघेपर्यंत नाही.

पॉलिथिलीनवर गोंदाच्या भरवशावर राहू नका, सांध्यालाच आतून आधार द्या. डोकं बदलायचंच असेल तर मानेत आणि डोक्यात हँड ड्रिलने अर्ध्या मिलिमीटरचं भोक पाडा, दोन्हीकडे दोन-अडीच मिलिमीटर जाईल असा पितळी तारेचा तुकडा घाला, मग गोंद. डोकं तारेवर टिकतं, गोंद फक्त ते फिरू देत नाही. मेणचट प्लास्टिकसाठी प्रायमरसकट येणारा खास सुपरग्लू मिळतो, त्याने पकड बरीच सुधारते. तरी तार मी सोडत नाही. दोन्ही तुकडे पॉलिथिलीनचेच असतील तर तापलेल्या सुईने सांध्याच्या कडेवर तीन-चार ठिकाणी टोचून ते एकमेकांत वितळवता येतात. थोडं ओबडधोबड दिसतं, पुटीने झाकायचं.

पुटीलाही हाच नियम. ती मेणचट प्लास्टिकला चिकटत नाही, खाचेत अडकून बसते. म्हणून केपी कापल्यावर माथा गुळगुळीत ठेवू नका, ब्लेडच्या टोकाने उभ्या-आडव्या चिरा पाडा. वळकटीखाली छातीवरही दोन चिरा हव्यात.

कापण्याबद्दल दोनच गोष्टी. ब्लेड नवीन हवं, आणि पॉलिथिलीनला कानस किंवा पॉलिश पेपर लावायचा नाही. तो झिजत नाही, त्याला तंतू फुटतात आणि रंगाखाली ते केसांसारखे उभे राहतात. साच्याची रेघ कापून काढा, खरवडू नका. वाकलेल्या बंदुका गरम पाण्यात, उकळीच्या जरा खालच्या, अर्धा मिनिट बुडवा, सरळ धरा आणि तशाच थंड पाण्यात घाला. उभा सैनिक थोडा पुढे झुकवायला किंवा हात फिरवायलाही हीच युक्ती चालते. प्लास्टिक थोडं मागे जातं, म्हणून हवं त्याच्या जरा पुढेच वाकवा. आणि सैनिक फार जुने असतील तर आधी एकाची संगीन हलकी वाकवून बघा. काही जुन्या संचांचं प्लास्टिक इतकं ठिसूळ झालेलं असतं की बोटाने तुटतं. त्यावर मेहनत घेऊ नका.

रंगाचे पापुद्रे का निघतात, तर सैनिक लवचिक आणि रंग ताठ. माझ्या पहिल्या पूर्ण फौजेला मी तेलकट इनॅमल रंग दिला होता. महिन्याभरात प्रत्येक संगीन आणि प्रत्येक बंदुकीची नळी उघडी पडली, आणि मला ते सगळे सैनिक पुन्हा रंगवावे लागले. तेव्हापासून क्रम बदललेला नाही. सैनिक फ्रेमसकट कोमट साबणाच्या पाण्यात जुन्या टूथब्रशने घासायचे, कारण त्यांच्यावर साच्यातला तेलकट थर असतो. पूर्ण वाळवायचे. कापाकापी आणि पुटी झाली की पुन्हा एकदा धुवायचे, कारण हाताचं तेल लागलेलं असतं. मग पांढरा पीव्हीए गोंद थोडा पातळ करून सगळीकडे एक हात. त्याची लवचिक कातडी तयार होते. त्यावर ॲक्रिलिक रंग पातळ थरांत. रंग वाळला की पुन्हा पीव्हीएचा एक हात, संगिनींवर दोन, आणि शेवटी मॅट वॉर्निश. रंग असा दोन कातड्यांच्या मधे अडकला की संगीन बोटाने हलवली तरी तो टिकतो. मऊ पीव्हीसीच्या सैनिकांवर स्प्रेचा रंग कधी कधी महिनोनमहिने चिकट राहतो, तिथे ब्रशने ॲक्रिलिकच द्या.

तुम्ही तोफांबद्दल विचारलं नव्हतंत, पण संचात त्या असतात म्हणून सांगतो. यादवी युद्धातली तोंडाकडून भरायची काशाची तोफ फ्रेंचांना चालते, कारण १८७० मध्ये त्यांच्या मैदानी तोफाही काशाच्या आणि तोंडाकडूनच भरायच्या होत्या. दांडा घेऊन उभा असलेला गोलंदाजही तिथे योग्य. प्रशियाच्या क्रुपच्या तोफा पोलादी आणि मागून भरायच्या होत्या, आणि त्या युद्धात त्यांनी मोठा फरक पाडला. त्यांच्यासाठी नळीच्या मागच्या टोकाची गोल गाठ कापा, तिथे प्लास्टिकचा चौकोनी ठोकळा लावा, नळीला गडद पोलादी रंग द्या. गोलंदाजाच्या हातातला दांडा कापून त्याच्या हातात पुटीचा गोळा द्या आणि त्याला तोफेच्या मागे उभा करा.

मोठ्या हिरव्या सैनिकांना या युद्धात आणू नका. ते साधारण ५४ मिलिमीटरचे, म्हणजे १/३२ च्या जवळपासचे, तुमच्या बाकी सैनिकांच्या दुप्पट उंचीचे. त्यांच्या डोक्यावर बहुधा अमेरिकन एम-१ हेल्मेट असेल. ते १९४१ मध्ये आलं आणि कोरिया, व्हिएतनामपर्यंत चाललं. तेव्हा हत्यारं बघून त्यांना १९४४ किंवा १९५० मध्ये नुसत्या रंगावर उतरवता येईल. तो वेगळा खेळ करा. त्यातला मोडका एखादा पाण्यात टाकून बघा, तरंगला तर गोंद, तार आणि पीव्हीएचा सराव त्याच्यावरच करा, माप मोठं असल्याने हात लवकर बसतो.

तयार सैनिक घ्यावेत का? फ्रेंच लाइन पलटणी हव्या असतील, म्हणजे ऑगस्ट १८७० च्या ग्राव्हलोतसारख्या लढाया खेळायच्या असतील, तर हो. तिथे ओव्हरकोट हवाच. पीव्हीएत भिजवलेल्या टिश्यू पेपरचे घेर कमरेखाली लावून मी असे कोट केलेत. बारा सैनिकांना ते छान जमले, साठ सैनिकांना करायला मी सांगणार नाही. शरद आणि हिवाळ्यातल्या लढाया खेळणार असाल तर तुमच्याकडे आहे ते पुरे.

सुरुवात अशी करा. दोन्ही पिशव्या टेबलावर ओता आणि टोपीकडे न बघता कोटाच्या लांबीप्रमाणे ढीग करा. लांब कोटवाले प्रशियाकडे, आखूडवाले मोबिलांकडे, रुंद टोपीवाले स्वयंसेवकांत, ठासणारे ब्रिटनीच्या तुकडीत. प्रशियाच्या ढिगातून पाच सैनिक घेऊन हेल्मेटं करा, रंगवा, पीव्हीए द्या, आठवडाभर ठेवा आणि मग संगिनी वाकवून बघा. रंग टिकला तर पुढचे वीस घ्या. तडकला तर धुण्यात किंवा पहिल्या पीव्हीएच्या हातात काहीतरी राहिलंय. तेव्हा प्लास्टिक बुडतं की तरंगतं ते, आणि कोणता थर सुटला, रंगाखालचा की वरचा, एवढं मला कळवा.